म्हातारं पाणी

पंचमीच्या दिवशी आमच्या घरात सुरीला हात लावायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. नागाला इजा होते म्हणतात. दुसऱ्यांच्या घरी हा नियम भाजी चिरण्यापुरता. आमचा धंदा कातडी कमावण्याचा, त्यात सुरीवाचून पान हलत नाही, त्यामुळं आमच्याकडं सगळंच बसायचं. कातडं कापायच्या राप्या, भोकं पाडायच्या आऱ्या, सुया धुऊन देवापुढं मांडलेल्या असायच्या आणि पुरुषमंडळी, हाताला काम नाही म्हणून, एकमेकांच्या खोड्या काढत दिवस घालवायची.

चव्वेचाळीस सालची पंचमी मात्र कधी संपूच नये असं माझ्या वडलांना, म्हणजे अर्जुनाला, वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सुरी मोकळी होणार आणि आबा, म्हणजे माझे आजोबा ज्ञानू पोळ, हौदातल्या कातड्याचा कोपरा कापून बघणार. कापल्या जागी आरपार तांबूस दिसलं तर चामडं पिकलं. मधे पांढरी रेघ दिसली तर कच्चं. रेघ दिसणार हे अर्जुनाला ठाऊक होतं. रेघ कसली, चांगला पट्टाच दिसणार होता.

त्यात आबांनी आषाढातच सांगून ठेवलं होतं, गुडघ्यांनी आता दावा धरलाय, पंचमी झाली की हौद दोघा मुलांपैकी एकाच्या हाती देतो. थोरला आकाराम बाजार आणि गाडी सांभाळायचा. अर्जुना लष्कराच्या चामडे कारखान्यात तीन वर्षं राहून परत आलेला. हौद मिळाला तर तो घरी राहणार होता, नाही मिळाला तर पुन्हा बिस्तरा बांधायचा. माझी आई अनसूया तेव्हा नुकतीच ह्या घरात रुळत होती. नवरा घरी राहतो की जातो हे तिच्या दृष्टीनं त्या कोपऱ्यावर ठरणार होतं.

अर्जुनानं त्या पावसाळ्यात कामही तसंच केलं होतं, ते नाकारायचं कारण नाही. आदल्या साली वेण्णेकाठी पाऊस असा बसला की कमावलेलं चामडं दोरीवर वाळेना. त्याच्यावर बुरशी चढली. आधी पिठासारखी पांढरी, मग हिरवी, मग काळे डाग, ते घासून निघेनात. लष्कराच्या पट्ट्यांसाठी माल न्यायला आलेल्या ठेकेदारानं शेडमधे एक पाऊल टाकलं, नाकाला रुमाल लावला आणि रिकामी गाडी माघारी नेली. करंजाचं तेल चोळून झालं, लिंबाच्या पाल्याचा धूर करून झाला, आबांनी शेवटी पावसालाच शिव्या घातल्या. अर्जुनानं सुट्टीवर आल्यावर ते काळं पडलेलं चामडं बघितलं आणि यंदा येताना कारबोलिकच्या बाटल्या घेऊन आला. चामडं दोरीवर चढवायच्या आधी त्या औषधाच्या पातळ पाण्यानं पुसायचं, मगच तेल. सबंध आषाढात एका चामड्यावर डाग पडला नाही. आबा शेडमधे काठी टेकत फिरले, एकेका चामड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ब्येस हाय." आबांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून पोवाडा आल्यासारखं होतं.

घोटाळा झाला तो हौदापाशी.

आमच्या हौदातल्या पाण्याला घरात म्हातारं पाणी म्हणत. बाभळीची साल आणि हिरडा कुटून घातलेलं पाणी, पण नुसतं तेवढंच नाही. कातडी निघाली की वरून नवी साल, नवं पाणी घालायचं, तळातलं जुनं मात्र कधी उपसायचं नाही. घरात विरजण राखतात तसं ते राखायचं. त्या आंबट पाण्यात कातडं फुगायचं आणि सालीचा रस पोटभर प्यायचं. आमच्या घरची चामड्याची मोट विहिरीत बारा महिने राबली तरी पाझरत नाही असं लांबलांबचे शेतकरी म्हणायचे, ते ह्या पाण्याच्या जिवावर. आबांचं म्हणणं त्याच्या पुढचं. छत्रपतींच्या काळात आपल्या मूळ पुरुषानं हे पाणी धरलं आणि किल्ल्यावरच्या पाणी वाहायच्या पखाली ह्याच हौदातल्या होत्या, असं ते सांगायचे. कुणी विचारो न विचारो, आल्यागेल्याला चहाच्या आधी ते ऐकावं लागायचं. मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की अजून कुठं ओल्या बाभळीच्या सालीचा वास आला की मला आबांचा आवाज ऐकू येतो. ती शेड गेली, हौद गेला, वास तेवढा राहिलाय.

तर झालं असं, की ऐन श्रावणाच्या तोंडावर हौदावर जाड पांढरी साय धरली. दर पावसाळ्यात धरायचीच. पण अर्जुना दोन महिने बुरशीशी झुंजत होता, त्याच्या डोळ्यांत बुरशीच भरलेली. त्याला वाटलं, शेडमधली बुरशी येते ती इथूनच, हिचं मूळच काढतो. आबा आणि आकाराम साताऱ्याच्या बाजाराला गेलेले बघून त्यानं उरलेली बाटली हौदात पालथी केली. दुसऱ्या दिवशी साय गेली. त्याला इतका आनंद झाला की त्यानं आईला बोलावून दाखवलं. मग हळूहळू पाण्यावरचा फेस गेला. आंबूस वास गेला. कातडी पाण्यात नुसती लोंबत राहिली, फुगेनात. काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं वर सालीवर साल ओतली आणि गप बसला. आबांना गुडघ्यांमुळं खाली उतरता यायचं नाही आणि नाक तर तपकिरीनं कधीच गेलेलं. आईला सगळं माहीत होतं. ती कुणाला सांगणार?

चवथीला संध्याकाळी माझी आत्या बनुबाई कुंडलहून आली. भावांसाठी धरलेला उपास, प्रवासात पाण्याचा घोट नाही, आणि आल्या आल्या आजीच्या गळ्यात पडून रडणं. दरवर्षी असंच. दुसऱ्या दिवशी बायका वारुळाला जाऊन आल्या, दूधलाह्या वाहिल्या, आणि आत्या पदर खोचून सरळ हौदावर गेली. लग्नाआधी हा हौद तीच ढवळायची. अर्जुना तिथंच उभा होता.

"अर्जुना, हितं काय झालंय रं?"

"काय न्हाई आक्का. का?"

"वास का येत न्हाई?"

"येतोय की सालीचा."

आत्यानं खाली वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तिनं थुंकून पदरानं तोंड पुसलं. "दवाखान्याचं पाणी हाय हे. काय घातलंस?"

आई मागून आली होती, तिनंच सांगितलं. "वन्सं, त्यास्नी वाटलं बुरशी आली. औषीद घातलं."

"साय व्हय? आरं, ती साय म्हंजी पाण्याचा जीव. दुधावरची साय बघून तू दूध फेकतोस का?"

"दोन्ही पांढरंच दिसतं आक्का," अर्जुना म्हणाला. "कारखान्यात असलं पाणी नसतं. तितं तयार रसाचे डबे येत्यात. मला कोण सांगणार?"

"आबा हुते की सांगाय."

"आबास्नी इचारलं तर आधी किल्ल्यावरच्या पखाली ऐकाव्या लागत्यात."

आत्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तिनं काल ह्याच भावासाठी उपास धरला होता. आईनं तिचा हात धरला. "वन्सं, लग्नात तुमास्नी घागर दिलेली न्हवं ह्या पाण्याची? ती तुमच्या हौदात जिती हाय. कुणाला न कळता घागरभर आणता आली तर..."

आमच्यातली ती रीतच होती. लेक सासरी जाताना बापाच्या हौदाची घागर बरोबर न्यायची आणि सासरच्या हौदात ओतायची.

"बघू," आत्या म्हणाली आणि चिंचेकडं चालू लागली.

तिच्या त्या बघूचा अर्थ आईला तेव्हा कळला नाही. कुंडलला आता हौदच नव्हता. आत्याचा नवरा सयाजी लोखंडाच्या कारखान्यात कामाला लागला होता. आजूबाजूच्या मळ्यांत इंजिनं आली, मोटा कोण मागतंय, असं म्हणून त्यानं हौद मातीनं बुजवला आणि त्याच्यावर गवारी लावली. हौद बुजवला त्या दिवशी आत्या जेवली नव्हती. पण माहेरी कसं सांगायचं? आबा दर भेटीत पहिला प्रश्न विचारायचे, पाणी कसं हाय गं, आणि ती म्हणायची, ब्येस हाय आबा. दोन पंचम्या ती हेच म्हणत आली होती.

चिंचेला झोका बांधला होता. आत्या झोक्यावर नुसती बसली. आकारामकाका तिच्याजवळ आला, दोराची गाठ उगीचच ओढून बघितली.

"बने, आबा आज जेवताना हौदाचं काढणार. तुला इचारतील. तुजं ऐकत्यात ते."

"मग?"

"मी थोरला हाय. तू तेवढं म्हण, थोरल्याला द्या म्हणून."

"आन् अर्जुना?"

"त्यो औषीदवाला. त्यानं हौदात कायतरी केलंय, मला दिसतंय. उद्या सुरी सांगंल काय त्ये. मी कशाला वाईट होऊ?"

"दादा, त्याला परत जावं लागंल."

"जाऊ दे की. मी न्हाई ऱ्हायलो हितं? तो तिकडं बूट घालून फिरत हुता तवा ह्या हौदात साल मी कुटली." हे त्याच्या मनात फार दिवस होतं, आणि खोटंही नव्हतं. मग तो दुसरीकडं बघत म्हणाला, "कुंडलच्या बाजारात मला एक जण भेटला हुता. तुमच्या परसातली गवारी लय कवळी लागती म्हणत हुता."

आत्यानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

"मी आबास्नी बोललो न्हाई," काका म्हणाला. "बोलणार बी न्हाई. तू तेवढं माज्याकडनं बोल."

आत्या पुढं मला म्हणायची, आकारामदादा वाईट नव्हता गं, पण त्या दिवशी मला झोक्यावरनं उतरून त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पंचमीला हात उचलायचा नाही म्हणून वाचला.

दुपारी सगळी जेवायला बसली. पुरणाची उकडलेली दिंडं, वर तूप. आबा मधे, दोन बाजूंना दोघं मुलगे, समोर आत्या. माहेरवाशीण म्हणून तिला त्या दिवशी पुरुषांच्या पंगतीत पाट. आजी, चंद्राबाई, चुलीपाशी बसून ताटं भरत होती आणि आई वाढत होती. आबांनी पहिलं दिंड संपवलं, मिशा पुसल्या.

"बने, तुजं पाणी कसं हाय?"

"आबा, आधी जेवा की."

"जेवतोय न्हवं. आयकून घ्या समदी. उद्या सकाळी कोपरा कापायचा. मग हौद कुणाला ते सांगतो. ह्या अर्जुनानं यंदा शेड राखली, एक डाग पडू दिला न्हाई. माज्या मनात—"

काकानं मान वर केली. अर्जुनाला वाटलं असतं तर तो गप बसू शकला असता, सुरीला अजून एक रात्र अवकाश होता. पण बापानं कधी नव्हे ते चांगलं बोलायला तोंड उघडलं आणि त्याला ते सोसेना.

"आबा, कापू नगा," तो म्हणाला. "पांढरं निगंल."

"काय?"

"कातडं कच्चं हाय. पाणी मेलंय. मी मारलं. साय बघून मला बुरशी वाटली, औषीद ओतलं."

आबांनी ताट बाजूला सारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, आई म्हणायची.

"किल्ल्यावर..." आबांनी सुरुवात केली आणि तिथंच थांबले. मग म्हणाले, "इतक्या पिढ्यांनी राखलं. दुष्काळात माणसं मेली, पाणी न्हाई मरू दिलं. आन् तू बाटली ओतलीस. उद्याच्या गाडीनं जायाचं. हौदाच्या कडंला पुन्यांदा पाय न्हाई ठेवायचा."

"आबा—"

"बोलू नगंस. बने, घरी गेलीस की घागर भरून दे. आकारामा, तू हिच्यासंगं जा. मूळ पाणी जितं हाय तिकडं."

काकानं बहिणीकडं बघितलं. आता तिनं नुसतं व्हय म्हटलं असतं तर हौद त्याचा होता. घागरीचं पुढं काय ते पुढं. पण त्यानं लगेच मान खाली घातली. त्याला लाज वाटली असावी, मला तरी तसंच मानायला आवडतं.

"आबा, कुंडलला पाणी न्हाई," आत्या म्हणाली. "त्यांनी हौद बुजवला. गवारी लावलीया तितं. मी तुमास्नी दोन वर्सं खोटं बोलली."

आबांचे डोळे वाहू लागले आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. गुडघ्यांच्या दुखण्यानं कधी न रडलेला माणूस. "म्हंजी संपलं," ते एवढंच म्हणाले.

चुलीपाशी भांडं आपटल्याचा आवाज आला. आजी उठली आणि पंगतीच्या पुढं येऊन उभी राहिली. चार माणसांत आजी फारशी बोलायची नाही, नवऱ्यासमोर तर नाहीच.

"पोराला गाडीत बसवायचं न्हाई," ती म्हणाली. "ते पाणी आधी बी एकदा मेलंय."

"काय बडबडतीस?"

"आवं, पलेगाच्या साली समदी माळावर झोपड्या करून ऱ्हायलो न्हवं का. तुमी आन् मामंजी वाईच्या वरल्या रानात हिरड्याला गेला हुता, तिकडनं सरकारी शिपाई येऊ देईनात. मी आन् आत्याबाई आधी माघारी आलो. हौदात थेंब न्हवता. तळ तडकला हुता."

आत्याबाई म्हणजे तिची सासू शालूबाई, आबांची आई. आबांच्या देवघरात देवाच्या शेजारी तिच्या नावाचा चांदीचा टाक होता.

"आत्याबाई त्या कडंला बसून लय रडल्या. म्हणाल्या, चंद्रे, पोरगं ऐकंल तर खचंल. मग आमी दोघींनी तळ लिंपला. साल कुटली, हिरडा कुटला, गुळाचा खडा टाकला, आंबट ताक घातलं. रोज ढवळायचं, रोज जिभंला लावून बघायचं. लय दिसांनी फेस आला. मग तुमी आला आन् म्हणाला, बघा, पलेगात माणसं गेली, आपलं पाणी हाय तसं हाय. आत्याबाईंनी माज्याकडनं चुलीवर हात ठेवून वचन घेतलं, जलमात सांगायचं न्हाई म्हणून."

"खोटं हाय," आबा म्हणाले.

"पंचमीच्या दिवशी भरल्या पंगतीत खोटं बोलू व्हय? आज वचन मोडलं, त्याचं पाप माजं. पर त्यासाठी माजं पोर जाणार न्हाई. दोरीवरची बुरशी त्यानं मारली ती मारायलाच पायजे हुती, माल राखला त्यानं. हौदातली साय वळखता आली न्हाई, चुकला. मी बी सून म्हणून आले तवा मला कुठं वळखू येत हुती?"

आबा भिंतीकडं बघत बसले. आई सांगायची, आबांच्या डोळ्यांपुढनं त्या वेळी चहाच्या आधी पखाली ऐकलेली सगळी माणसं जात असावीत. ठेकेदार, शेतकरी, सोयरे, एक गोरा साहेबसुद्धा होता. आईला भीतीही वाटत होती आणि हसूही येत होतं, म्हणून ती पदराआड तोंड करून उभी राहिली. आत्या खाली बघून ताटातलं दिंड मोडत होती. काका हळूच म्हणाला, "आबा, उद्या हौद मी उपसतो. घासून काढाय लागंल, औषीद मुरलं असंल." आत्यानं तुपाची वाटी त्याच्याकडं सरकवली.

शेवटी आबांनी ताट पुन्हा पुढं ओढलं. एक घास खाल्ला. मग आजीकडं न बघता विचारलं, "ताक गाईचं हुतं का म्हशीचं?"

"शेळीचं," आजी म्हणाली. "पलेगात गाय कुठली?"

आबांनी तोही घास सावकाश गिळला.

"अर्जुना," ते म्हणाले, "उद्याची गाडी ऱ्हाऊ दे. दुभती शेळी कुणाकडं हाय, बघून ये."